सुंदराच्या हातातला अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या. माझा खिळा जुना झालाय आणि शाळेत मी कधी गेलो नाही. जे कानावर पडलं, तेवढंच सांगतो.

रविवार पेठेत रज्जाकभाई नावाचे कारागीर होते, त्यांनी मला घडवलं. पितळेच्या दोन दांड्या, पोलादी पातं आणि डोक्यावर एक मोर. मोर कमी आणि कोंबडा जास्त दिसतो, पण त्यांनी तो मोर म्हणूनच विकला. मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते म्हणाले, "याला घाई चालत नाही, भाऊ. सुपारी धरायची आणि शेवटपर्यंत धरून ठेवायची. मधेच सोडली तर नुसती जाड खांड पडेल."

गिऱ्हाईक होते संभाजीराव, नवीन लग्न झालेले. विश्रांतवाडीला घरी गेले आणि त्यांनी मला बायकोच्या तळहातावर ठेवलं. "दागिना आणायला गेलो होतो. हा मिळाला."

"हाही चमकतोच की," ती म्हणाली.

ती सुंदराबाई. मी तिला नुसतं सुंदरा म्हणतो. सारा जन्म तिच्या मुठीत काढला, तेवढा हक्क मला आहे.

काय हात होता तिचा! माझ्या जबड्यात सुपारी धरायची, थोडी कातरायची, बोटानं पुढं सरकवायची, पुन्हा कातरायची. बोलणं चालू, हसणं चालू, पण माझी पकड सुटायची नाही. संभाजीरावांचे दात पडत गेले, तशी ती सुपारी आणखी बारीक करत गेली. एखादी खांड त्यांच्या हिरडीत अडकली, की ते दिवसभर तोंड वाकडं करून बसायचे. पुढं डॉक्टरांनी सुपारीच बंद केली, तेव्हा मी नुसत्या खारकेवर आणि बदामावर आलो. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर व्हायची, तिची खारीक कातरायचं काम पहिल्यापासून सुंदराचं. त्या खिरीत माझाही वाटा आहे, असं मी मनात म्हणायचो.

त्यांचा मुलगा संजय मात्र वेगळा. चड्डीत होता तेव्हा तिच्या गुडघ्याशी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "मला बारीक नको. मला जाड." मग सुंदरा मुद्दाम मधेच हात उचलायची आणि खारकेचा जाड तुकडा त्याच्या हातावर पडायचा. तो गालात धरून पोरगं खेळायला पळायचं.

आता संजयचे केस पांढरे झालेत. त्याची मुलगी मैत्री पाषाणकडच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आणि सुंदरा विसरायला लागलीय. आधी शेजारणींची नावं गेली, मग दूध गॅसवर ठेवलंय हे गेलं, मग संजयचं नाव. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. हात मात्र काही विसरले नव्हते. मला घेऊन बसली, की ती जुनी सुंदरा असायची.

मग एक दिवस उद्योग झाला. मैत्रीच्या इयरफोनची वायर सोफ्यावर पडली होती. सुंदरानं ती माझ्या तोंडात धरली आणि मन लावून बारीक बारीक कातरली. तो ढीग नवऱ्यापुढं करून म्हणाली, "घ्या. अगदी बारीक केलीय."

संभाजीरावांनी ढिगाकडे पाहिलं. "वा. चुना आहे का घरात?"

मैत्री हसली, पण संजय पांढराफटक पडला. "आज वायर आहे, आबा. उद्या ती स्वतःचं बोट घालेल." त्यानं मला उचललं आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून कुलूप लावलं. तो राग नव्हता, भीती होती.

खणात जुने रिमोट आणि संपलेले सेल माझ्या सोबतीला. बाहेरचं सगळं ऐकू यायचं, फटीतून थोडं दिसायचंही. सुंदरा गप्प झाली. तिची बोटं रिकामी हलत राहायची. चादरीचे दोरे उपस, पदराचं टोक कुरतड. जेवताना उठून दाराशी जायची. "काय हवंय, आई?" संजय विचारायचा. तिला सांगता यायचं नाही. मला यायचं, पण कुलपातल्या अडकित्त्याचं कोण ऐकतंय?

वैशाख पौर्णिमा जवळ आली. या आजाराविषयी चार शब्द बोल, असं विहारातल्या मंडळींनी मैत्रीला सांगितलं होतं. एका संध्याकाळी ती घरच्यांपुढं सराव करायला उभी राहिली. हातात मण्यांची माळ आणि कात्री.

"आपल्या डोक्यात पेशी असतात. पेशीच्या पापुद्र्यात एक लांब प्रोटीन असतं, या माळेसारखं. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार. एक एन्झाइम येऊन ही माळ बाहेरून तोडतं. उरलेलं टोक दुसरं एन्झाइम पापुद्र्यातच धरतं आणि साधारण तीन-तीन मणी करत कातरत जातं. शेवटपर्यंत कातरलं, तर आखूड तुकडा सुटतो आणि निघून जातो. मधेच सोडलं, तर तुकडा लांब राहतो. लांब तुकडे चिकट असतात. ते एकमेकांना धरतात आणि डोक्यात साचतात. आजाराचं सगळं कारण एवढंच नाही, पण मोठी अडचण इथं आहे."

"म्हणजे हिरडीत अडकलेली खांड," संभाजीराव म्हणाले.

"अगदी तशीच, आजोबा!"

संजय पुढं सरसावला. "मग त्या कामगाराला घरीच बसवा की! औषध द्यायचं आणि कातरणंच बंद."

"करून पाहिलंय, पप्पा. तसं औषध लोकांना देऊन बघितलं. त्यांचं उलट आणखी बिघडलं. ते एन्झाइम दुसरीही कितीतरी कामं करतं. त्याला कोंडलं, की सगळंच अडतं. म्हणून आम्ही आता वेगळं शोधतोय. बंद नाही करायचं. त्याची पकड टिकवायची, म्हणजे ते नीट, बारीक कातरेल."

कोपऱ्यात चादरीचा दोरा तुटल्याचा आवाज आला.

"संजय," संभाजीराव म्हणाले.

"काय, आबा?"

"मी कुठं काय बोललो? कोंडलं की अडतं, हे तुझी मुलगी बोलली."

खुर्ची सरकली. कुलपात किल्ली फिरली. इतका उजेड एकदम अंगावर आला, की माझा मोरसुद्धा दिपला असेल! संजयनं मला पुसलं, खिळ्याला तेलाचा थेंब दिला. वायरी उचलून ठेवल्या. मग तो आईच्या पायाशी, खाली बसला आणि मला तिच्या हातात देऊन स्वतःचा हात तिच्या हातावर ठेवला. संभाजीराव एकेक खारीक पुढं करू लागले.

सुंदराच्या बोटांनी मला ओळखलं. धर, कातर, सरकव. तोच ताल. थोड्या वेळानं ती नवऱ्याकडे मान करून म्हणाली, "बारीकच करते हो. तुम्हाला दात कुठायत?"

"आहे एक," संभाजीराव म्हणाले आणि डोळे पुसत खो खो हसले.

मी कामात दंग होतो. एवढ्यात तिनं मधेच हात उचलला. मला वाटलं, झालं, इथंही विसरली. पण तिनं खारकेचा तो जाड तुकडा उचलला आणि पायाशी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसाच्या तळहातावर ठेवला.

"हे तुझं," ती म्हणाली. "तुला जाड लागतं."

नाव तिला आठवलं नाही. संजयनं विचारलंही नाही. लहानपणासारखा तो तुकडा गालात धरून तो बसून राहिला; या वेळी खेळायला पळाला नाही.

सुंदरा बरी झाली, असं मी सांगणार नाही. मैत्रीच्या प्रयोगशाळेतही अजून शोधच चाललाय. पण यंदाच्या खिरीत आमची खारीक होती, आणि विहारात मैत्रीनं कात्री बाजूला ठेवून मलाच हातात घेतलं. पोरांनी मोराला कोंबडा म्हटलं. म्हणू देत.

आता मी उघड्यावर, सुंदराच्या उशाशी असतो; ती मला हातात घेते, तेव्हा कुणीतरी शेजारी बसतं. तुमच्या घरात असं कुणी विसरणारं माणूस असेल, तर त्याच्या हाताला काय येतं ते आधी बघा. ते कुलपात घालू नका. शेजारी बसा, त्याच्या हातावर हात ठेवा, आणि काम चालू द्या. चला, संभाजीराव खारका घेऊन आलेत. मला जायला हवं.