कंचनबाईंची सावकाश सायकल

कंचनबाई सायकल चालवत नाहीत, सायकलवर बसून विश्रांती घेतात, असं सारी वारूळवाडी म्हणायची. म्हणो बापडी! सकाळी सहा वाजता ज्यांना पांघरूण सुटत नाही, त्यांनी दुसऱ्याचा वेग कशाला मोजावा? बाई बासष्ट वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, नारायणगावच्या पेठेतल्या कापडदुकानाच्या शेठाणी. पोपटलाल शेठ जाऊन चार वर्षं झाली होती आणि दुकान आता मुलगा पीयूष बघायचा. यंदा चैत्र लागला तशा बाई रोज पहाटे पदर कमरेला खोचून सायकल काढायला लागल्या होत्या.

सायकल खरं तर सुनेची. वजन उतरवायचं म्हणून रिंकूनं हौसेनं घेतली, आठ दिवस चालवली आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. एके दिवशी सासूबाईंनी टॉवेल काढले, सीटवर फडकं मारलं आणि बसल्या. माहेरी, घोडनदीला, भावाच्या सायकलवर शिकल्या होत्या. लग्नानंतर चाळीस वर्षं सायकलला हात नव्हता लावला, पण पहिल्याच दिवशी त्या फाटकापासून पाराच्या वडापर्यंत गेल्या आणि परत आल्या. रिंकू टाळ्या वाजवत उभी राहिली.

त्यांचा रस्ता ठरलेला. वारूळवाडीतून निघायचं आणि खोडदच्या अंगानं जायचं. दोन्ही बाजूंना तारकाठीवर चढवलेला टोमॅटो, पलीकडं द्राक्षांचे मांडव, लांब रेडिओ दुर्बिणींच्या पांढऱ्या ताटल्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. प्रयागबाईच्या मळ्यापाशी बांधावर टेकायचं, पिशवीतलं उकळलेलं पाणी प्यायचं, तिच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आणि ऊन चटकायच्या आत घरी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटाकडं आणि दुसऱ्यांच्या वेळेकडं बघण्यात गेली होती. दिवसातला हा दीड तास तेवढा त्यांचा एकटीचा, आणि तो त्यांना जिवापाड आवडायचा.

आता एवढ्या हळू का चालवायच्या? तर मुंग्यांमुळं. हसू नका. उन्हाळ्यात पहाटे डांबरी रस्ता गार असतो, तेव्हा मुंगळ्यांच्या रांगाच्या रांगा एका शेतातून दुसऱ्या शेतात निघतात. जैनाच्या घरची बाई, पाणी गाळून, भाजी निवडून, चूल झाडून पेटवायची सवय. ती काय मुंगळ्यांवरून चाक नेणार? समोर रांग दिसली की बाई ब्रेक अर्धा दाबायच्या, हँडल डावं-उजवं करत जागच्या जागी डुलत राहायच्या आणि रांगेत फट पडली की अलगद चाक काढायच्या. पायही टेकायच्या नाहीत. कारण चाकाखाली मुंगी मेली काय आणि चपलेखाली मेली काय, पाप सारखंच. अडीच महिन्यांत त्या अशा काही तयार झाल्या की प्रयागबाई म्हणाली, "कंचनबाई, तुमी तर सायकलीवर बसून तांदूळ निवडाल!"

पण सुख फार दिवस कुणाच्या डोळ्यांत सलल्याशिवाय राहत नाही. एका सकाळी बाजाराला निघालेले टोमॅटोचे तीन पिकअप त्यांच्या मागं अडकले. रस्ता अरुंद, समोर मुंगळे, बाई डुलताहेत. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारून दमले. त्यातल्या कुणा दिवट्यानं मोबाईलवर त्याचं चित्रण केलं आणि खाली लिहिलं, 'शेठाणींची मिरवणूक'. दुपारपर्यंत ते साऱ्या पेठेच्या मोबाईलवर फिरून आलं. दुकानात साड्या बघायला आलेल्या बायका पीयूषकडं बघून पदराआड हसायला लागल्या.

पीयूष रात्री जेवायलाच बसला नाही. "मम्मी, लोक हसतात ते एक वेळ सोड. पण तुला बॅलन्स नाही म्हणून तू डुलतेस, हे दिसतंय ना! एखाद्या गाडीनं धक्का दिला तर? बास झाली सायकल."

"मला बॅलन्स नाही?" कंचनबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अरे, बॅलन्स आहे म्हणून डुलते!"

पीयूष पक्का दुकानदार. समोरच्याला नाही म्हणता येऊ नये असा माल कसा पुढं करायचा, ते त्याला बरोबर कळायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात काम करणाऱ्या गोरखला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझी समृद्धी शाळेला चालत जाते ना? गावची यात्रा झाली की सोमवारी मम्मीची सायकल तिला देऊन टाकतो." गोरखचे डोळे भरून आले. संध्याकाळी समृद्धी स्वतः येऊन कंचनबाईंच्या पाया पडून गेली. घ्या आता! दानाला नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? कंचनबाई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, पण मनातून पार खचल्या.

"तिला नवी घेऊन दे की रे," त्या रात्री पीयूषला म्हणाल्या.

"प्रश्न पैशाचा नाही, मम्मी. घरात सायकल राहिली की तू बसणार."

मार्ग काढला तो रिंकूनं. यात्रेची पत्रिका घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रविवारी, यात्रेच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता हळू सायकल स्पर्धा. जो सर्वांत शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. बक्षीस एक नवी कोरी गिअरची सायकल.

कंचनबाईंनी पत्रिका दोनदा वाचली आणि तशीच नेऊन पीयूषच्या ताटाशेजारी ठेवली. "ही जिंकली तर समृद्धीला नवी. माझी माझ्याकडं. आणि पुन्हा या विषयावर बोलायचं नाही. कबूल?"

पीयूषला हसू आवरेना. "कबूल. दहा पावलं न टेकता गेलीस तरी पुष्कळ."

रविवारी बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर माणूस मावत नव्हता. गाडे नुकतेच पळून झाले होते, धुरळा अजून बसला नव्हता. त्याच घाटावर, चढाच्या अंगाला, पांढऱ्या फक्कीनं पन्नास फुटांचे बारा पट्टे आखले होते. अकरा पट्ट्यांवर अकरा बाप्ये आणि बाराव्या पट्ट्यावर डोळ्यांवर चष्मा, पायात बूट आणि साडीला रिंकूनं लावलेल्या चार पिना अशा कंचनबाई. त्या उभ्या राहिल्या तशी माणसं खिदळायला लागली. "आली आली, मिरवणूक आली!"

कंचनबाईंनी हँडल घट्ट धरलं. खोटं कशाला सांगू, पाचावर धारण बसली होती. शेवटी ही पाच मिनिटांची गंमत नव्हती. हरल्या तर उद्या सकाळी सहा वाजता त्यांना जायला कुठलाच रस्ता नव्हता. गर्दीत समृद्धी दिसली, तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभा असलेला पीयूष दिसला आणि बाईंनी नजर खाली, चाकापुढच्या हातभर जमिनीवर लावली.

माईक पप्पूच्या हातात होता. पप्पू म्हणजे आसपासच्या दहा गावांचा बैलगाड्यांचा निवेदक. गाडा सुटला की त्याचा आवाज असा सुटायचा की म्हाताऱ्यांच्याही अंगावर काटा यावा. त्यानं नियम नीट सांगितले. पट्टा सोडायचा नाही, पाय टेकायचा नाही, घाई करायची नाही, घाई करील तो हरंल. इथपर्यंत सगळं ठीक. मग त्यानं झेंडा वर केला आणि जन्मभराची सवय आडवी आली. झेंडा खाली येताच पप्पूच्या तोंडून गाडे सोडतानाची आरोळीच निघून गेली, "झाली... झाली... भिर्रर्रर्र!"

अन् काय सांगता! त्या अकरांतल्या दहा जणांच्या रक्तातच ते भिर्र होतं. नियम डोक्यात होते, पण पाय काय डोक्याला विचारून पळतात? चौघे जण असे सुटले की पाच-सहा सेकंदांत पट्ट्याच्या पलीकडं. पोचल्यावर हात वर करून नाचले आणि मग त्यांना आठवलं की आपण हरलो. घाट हसून हसून आडवा झाला. दोघे ब्रेक दाबायच्या नादात जागेवरच कलंडले. चौघांनी चढाला पाय टेकले. पप्पू कपाळावर हात मारून माईकवर ओरडत होता, "चुकलं राव, चुकलं! गाडं न्हाईत ही, सायकली हायत!"

कंचनबाईंच्या घरात बैल पळवणं कधी बघितलं गेलं नव्हतं. त्यांना त्या आरोळीचं काही म्हणता काही वाटलं नाही. त्या आपल्या निघाल्या. अर्धा ब्रेक, जरासं पेडल, हँडल डावं, हँडल उजवं. चढ होता म्हणून उलट बरंच वाटलं, सायकल आपोआप मागं रेटली जात होती.

चाळीस फुटांपर्यंत आता दोघंच उरले. कंचनबाई आणि अमृत. अमृत म्हणजे निवृत्त पोस्टमन. सत्तरीचा माणूस, उभी हयात सायकलवर काढलेली. त्याला कसली घाई अन् कसली भीती! तो इतक्या शांतपणे जागेवर उभा राहायचा की माणसानं त्याला टपाल द्यावं. एकदा तो हातभर मागं, एकदा बाई वीतभर मागं. घाटावरची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. प्रयागबाईनं तोंडात पदर कोंबला. कंचनबाईंची पोटरी भरून आली, डोळ्यात घाम उतरला, आणि त्यांना वाटलं, संपलं, आता पाय जाणार.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सोमाजी म्हाताऱ्याला राहवलं नाही. "अमृतभाऊ, राम राम!"

पोस्टमननं आयुष्यात कुणाचा राम राम वाया जाऊ दिला नव्हता. "राम राम, सोमाजीबाबा," तो म्हणाला, हात वर गेला, आणि चाळीस वर्षं प्रत्येक दारात टेकला तसा त्याचा डावा पाय आपसूक जमिनीवर टेकला.

एकच गलका उठला! पण पप्पूनं माईकवरून बजावलं, "थांबा, अजून काकीचं दहा फूट ऱ्हायल्यात. काकीचा पाय टेकला तर बक्षीस कुणालाच न्हाई!"

"आता कशाला हळू? पळवा, काकी, पळवा!" सगळा घाट ओरडायला लागला. माणसं पट्ट्याला भिडली. कंचनबाईंचा ताल क्षणभर चुकला, हँडल थरथरलं, चाक फक्कीच्या रेघेकडं वळलं. आणि त्या गलक्यातून एक ओळखीचा आवाज चिरत आला.

"हळू! मम्मी, हळू! ए, मागं व्हा सगळे! कुणी घाई करायची नाही तिला!"

पीयूष पट्ट्याच्या कडेनं वाकून चालत होता. शर्ट बाहेर आलेला, दोन्ही हात पसरून माणसं मागं रेटत होता. "तुला पाहिजे तेवढा वेळ घे, मम्मी. डुल. डुल तू."

बाई डुलल्या. हँडल डावं, हँडल उजवं, चाक पट्ट्याच्या मधोमध. दहा फुटांना त्यांनी भरपूर वेळ घेतला. खोडदच्या रस्त्यावर पहाटे यायचा तो आनंद त्यांना तिथं, त्या धुरळ्यात, हजार माणसांसमोर आला आणि त्यांना हसू फुटलं. पुढचं चाक रेघेपलीकडं गेलं, मग मागचं. मगच त्यांनी पाय टेकला, तोही खाली बघून.

पुढचं काय सांगायचं? हलगी कडाडली, भंडारा उधळला. खिदळणारी तीच माणसं आता "काकी, काकी" म्हणून घसा फोडत होती. अमृतनं येऊन हात जोडले आणि म्हणाला, "बाई, माझ्यापरीस सावकाश माणूस मी आज पहिल्यांदा बघितला." पीयूष आईच्या सायकलचं हँडल धरून उभा होता.

पप्पूनं बक्षिसाची सायकल पुढं आणली. लाल रंगाची, गिअरची, हँडलला फुलांची माळ. माईक त्यानं बाईंच्या तोंडापुढं धरला. "बोला काकी, कसं वाटतंय?"

कंचनबाई जन्मात माईकवर बोलल्या नव्हत्या. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग समृद्धीला हाक मारून जवळ बोलावलं आणि लाल सायकल तिच्या हातात दिली. पोर रडायलाच लागली.

"ही समृद्धीची," बाई म्हणाल्या. "आमच्या पीयूषला सायकल दान करायची फार इच्छा होती. त्याची इच्छा पुरी झाली."

सगळा घाट हसला, आणि पीयूष सगळ्यांत मोठ्यानं. मग बाईंनी मावळतीकडं बघितलं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं होतं. पीयूष म्हणाला, "चल मम्मी, गाडी आणलीय."

"तू हो पुढं," कंचनबाई म्हणाल्या. माईक अजून तोंडासमोरच होता, त्यामुळं ते साऱ्या घाटाला ऐकू गेलं. "मी माझ्या सायकलवर येते. आणि उद्या सकाळी सहाला माझी वाट कुणी अडवायची नाही."