कठड्यावरचे चार दात

पलंगाच्या कठड्यावर चार दातांचे ठसे होते. वर दोन, खाली दोन. दहा महिन्यांच्या ठमीला एवढेच दात आले होते. पांढऱ्या रंगाचा टवका उडाला होता आणि त्याखाली हिरवा थर दिसत होता. ठमीच्या आईने तो नखाने खरवडला. हा हिरवा रंग घराच्या जुन्या खिडक्यांचा होता.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षे काम करत होती. पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा बाणा. घराची डागडुजी काढली तेव्हा तिनेच भिंतीवर कागद चिकटवला होता: मलब्यातले काहीही बाहेर जाणार नाही. विटा अंगणातल्या वाटेला, फुटक्या फरश्या कुंड्यांच्या तळाला, लाकूड आबांकडे. आबा म्हणजे तिचे सासरे, हाडाचे सुतार. सहा खिडक्यांच्या चौकटींतून त्यांनी नातीचा पलंग उभा केला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कागद आणि पलंग दाखवताना तिला कोण अभिमान वाटे. रंग किती जुना आहे, एवढे मात्र तिने विचारले नव्हते.

"आबा, खिडक्यांचा रंग पुरता काढला होता ना?"

"म्हणजे काय! तीन आठवडे पॉलिश पेपरने घासत होतो. खाचेत राहिला असेल एखादा ठिपका. का, सूनबाईंच्या भिंगाखाली नापास झालो की काय?"

"थट्टा नको, आबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. लहान मुलांच्या मेंदूला ते..."

आबांचा चेहरा उतरला. "अगं, पण पोरीला धूळ नको म्हणून बाथरूममध्ये कोंडून घेऊन घासलं मी. खिडकीसुद्धा लावून घेतली होती. एक कण बाहेर येऊ दिला नाही."

दुसऱ्या दिवशी तिने तो खरवडलेला हिरवा रंग प्रयोगशाळेत तपासला. शिसे होते, भरपूर होते. पलंग त्याच दुपारी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या खोलीत बंद झाला आणि ठमीला घेऊन सगळे दवाखान्यात गेले. तुलनेला हवे म्हणून तिने घरातल्या चौघांचेही रक्त तपासायला दिले.

"माझं कशाला?" आबा बाही वर करत म्हणाले. "खिळे तोंडात धरून जन्म गेला. माझ्या रक्तात लोखंड सापडेल फार तर."

"आणि हट्ट," नवरा म्हणाला. "तोही मोजून घ्या."

अहवालाला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत तिने ठमीवरची नजर काढली नाही. ठमी नुकतीच टाळ्या वाजवायला शिकली होती; मंगळवारी तिने वाजवल्या नाहीत. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिने स्वतःला दहा वेळा बजावले आणि अकराव्यांदा ठमीसमोर बसून स्वतःच टाळ्या पिटू लागली. ठमी तिच्याकडे नुसती बघत राहिली. आबा पानावरून अर्धपोटी उठत होते. "पोट गच्च झालंय," म्हणत होते. वय झाले की व्हायचेच, असे समजून ती पुन्हा लेकीकडे वळत होती.

अहवाल आला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती. ठमी: तीन. शिशाचा कोणताही आकडा चांगला नसतो, पण डॉक्टर म्हणाले होते की पाचाच्या आत असेल तर महिन्याने पुन्हा पाहू. तिने कितीतरी वेळाने श्वास सोडला. तिचे दोन, नवऱ्याचे दोन. शेवटच्या ओळीवर ती थबकली. दशांशचिन्ह सुटले असेल म्हणून तिने कागद उजेडाकडे धरला. चिन्ह कुठेच नव्हते.

आबा: चौसष्ट.

ती घरी पोचली तेव्हा आबा ओट्याजवळ उभे होते, हातात चहाची कपबशी.

"पोरीचं काय आलं?"

"ठीक आहे. तीन."

आबांनी डोळे मिटले आणि मग तोंड भरून हसले. "बघ! दार लावून घेतलं होतं, म्हटलं नव्हतं मी?"

बशीवर कप किणकिणत होता. गेले दोन महिने ती हा आवाज रोज ऐकत होती. त्याचे कारण वय, हे तिने पुराव्याशिवाय ठरवून टाकले होते.

तिने त्यांच्या हातातून कपबशी काढून घेतली.

"आबा, चपला घाला. दवाखान्यात जायचंय."

"आता कुणाला काय झालं?" आबांनी विचारले आणि घाबरून ठमीकडे पाहिले.