नकाराच्या दारातून गेलेली वहाण

मी एक जुनी वहाण आहे, उजव्या पायाची. आमदार बबनरावांच्या नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून मला उलटी टांगली आहे. मित्रांनो, तोंड खाली आहे तेच बरे. वर काढायची माझी लायकी राहिली नाही.

रिठदच्या पुंजाजींनी मला शिवले. "पायाले लागनार नाई, अशी बनवतो," ते म्हणाले, आणि तसेच झाले. सत्तावन्न सालच्या निवडणुकीत बबनरावांनी मानोऱ्याकडचे तांडे माझ्या जिवावर पालथे घातले. अहाहा, काय तोरा होता तेव्हा माझा!

एका तांड्यावर हिरीबाई नावाची म्हातारी भेटली. कोसभरावरून आणलेला पाण्याचा हंडा तिने बबनरावांचे पाय धुवायला रिकामा केला. अर्धे पाणी तर मीच प्याले.

ती म्हणाली, "भाऊ, सरकारच्या कागदात आमचा तांडा गाव नाई, म्हनून हीर नाई. तिकडे तुमी आमच्या बाजूनं उभे राह्यले पायजे."

"माय, हे पाय तुह्याच कामाले चालतीन," बबनराव बोलले.

मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. हिरीबाईने पेटीवरचे चित्र निरखून पाहिले आणि बबनरावांच्या पेटीत चिठ्ठी टाकली. ते निवडून आले. मी मुंबई पाहिली.

तिथे दोन सभागृहे. विधानसभेत लोकांनी मत देऊन पाठवलेले. वरच्या विधान परिषदेत बहुतेक जण आमदारांनी, नगरपालिकांनी, शिक्षकांनी आणि पदवीधरांनी निवडलेले. कायदा दोन्हीकडे फिरतो, पण शेवटचा शब्द विधानसभेचा.

विहिरींचा कायदा आला. 'तांड्यालाही गाव धरावे' अशी दुरुस्ती कोणीतरी मांडली. घंटा वाजली. तिथे मत पायांनी देतात बरं का! होकाराचे दार उजवीकडे, नकाराचे डावीकडे. मी उजवीकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात पक्षाच्या पुढाऱ्याने नुसते पाहिले आणि बबनरावांनी मला गर्रकन फिरवले. मी नकाराच्या दारातून गेले. दुरुस्ती तीन मतांनी पडली.

पण देव एखाद्याला दुसरी संधी देतो. वरच्या सभागृहाने तीच दुरुस्ती सुचवून कायदा परत पाठवला. पुन्हा घंटा वाजली. या खेपेला बबनराव उपाहारगृहात चहा पीत बसले. दारे बंद होईपर्यंत मी टेबलाखाली गप्प पडून होते. दुरुस्ती पुन्हा पडली.

उन्हाळ्यात आम्ही तांड्यावर गेलो. हिरीबाई धावत आली. "का झालं भाऊ, हिरीचं?"

बबनरावांनी कपाळाला हात लावला. "माय, म्या लय जोर लावला. पन वरच्या सभागृहानं पाडलं."

धडधडीत खोटे! माझी वादी तुटली असती तरी बरे झाले असते.

हिरीबाईचे डोळे भरले. "जाऊ द्या भाऊ. तुमी आमच्यासाठी भांडले, हेच लय झालं. त्या वरच्याईचं वाटोळं होवो! पुढल्या बारीलेबी मत तुमालेच." एवढे बोलून तिने हंडा उचलला आणि ती पाण्याला निघाली.

मित्रांनो, वहाण बोलत नाही म्हणून माणसाचे फावते. तुम्हाला तर तोंड आहे. तुमचा आमदार गावात आला की त्याला खुशाल पाणी द्या, पण आधी विचारा, "घंटा वाजली तवा तुमी कोन्या दारानं गेले?" विचारताना लाजू नका. लाजायला मी आहे.