चौसष्ट बायकांची यादी

ज्याची नोंद राहते तेच जगात उरतं, बाकी सगळं वाऱ्यावर जातं. निपाणीच्या सत्याप्पा गुरुजींनी हे वाक्य आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घातलं होतं. अकरा महिने झाले तरी ते पहिलं पान सोडून आतल्या एकाही पानाची नोंद गुगलवर नव्हती.

संकेतस्थळ होतं बंद पडलेल्या एका विडी कारखान्यातल्या चौसष्ट बायकांचं. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी गुरुजी चार वर्षं बावीस प्रश्नांचा छापील कागद घेऊन घरोघरी फिरले. माहेर कुठलं, किती वर्षं विड्या वळल्या, बोटांचं काय झालं. प्रत्येकीला एक पान मिळालं. मुलगा दीपंकर बेळगावात सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्यानं रविवारी रविवारी येऊन ती पानं चढवली.

त्यातलं एक पान गुरुजींच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं. त्यांनी ते एकदा पाहिलं, फोटोत पदर नीट नाही म्हणाल्या आणि विषय संपवला. त्यांचा जीव अडकला होता रुक्माबाईंच्या पानात. कारखान्यात रुक्माबाई त्यांच्या डाव्या हाताला बसायच्या. शेवटच्या दिवशी लक्ष्मीबाईंनी त्यांची विडीचं पान कापायची कात्री मागून घेतली होती, 'उद्या देतो' म्हणून. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. पंधरा दिवसांत रुक्माबाई वारल्या. त्यांच्या वाटच्या प्रश्नांची उत्तरं पुढं लक्ष्मीबाईंनीच दिली. एकुलती मुलगी नीलम लग्न होऊन पुण्याकडं गेली म्हणतात. पत्ता घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

लक्ष्मीबाई आता ब्याऐंशीच्या. किडनीनं बेजार. दिवाळीच्या पलीकडचं डॉक्टर काही बोलत नव्हते.

"कवातरी पोरगी आईचं नाव टाकील त्या फोनात," त्या म्हणायच्या. "टाकलं की आपलं पान याय पायजे. खाली आपला नंबर हाय न्हवं?"

नंबर होता. गुरुजी रोज सकाळी चहाआधी रुक्माबाईंचं पूर्ण नाव टाकून बघायचे. एक दवाखाना यायचा, एक मंगल कार्यालय यायचं. रुक्माबाई यायच्या नाहीत.

याला कारण होतं, आणि ते गुरुजीच होते. पहिल्या पानावर त्यांनी नावांची यादी घालूच दिली नव्हती. मागं निपाणीत एका कार्यक्रमपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर छापलं यावरून दोन घरं बारा वर्षं बोलत नव्हती. चौसष्ट बायकांच्या यादीत पहिली कोण आणि शेवटची कोण, हे ठरवायला गुरुजी तयार नव्हते. वयानं लावलं तर निम्म्या वय चोरतील, आणि अकारविल्हे लावलं तर अनुसूयाबाई फुकटात वर जाईल. म्हणून पहिल्या पानावर ते वाक्य आणि कारखान्याच्या फाटकाचा फोटो, एवढंच. आतल्या पानांचे पत्ते ज्याच्या त्याच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. फाटकातून आत जायला वाट नव्हती, पण अन्यायही झाला नव्हता.

"आप्पा, आपण साइटमॅप देऊया," दीपंकर म्हणाला.

"ते काय असतंय?"

"आपल्याकडं कुठली कुठली पानं हाईत त्याची यादी. एक्सएमएल म्हणत्यात, यंत्रानं वाचायची. माणसांना दिसत न्हाय."

"म्हणजे भांडणं न्हाईत. दे की मग."

यादी दिली. आमच्या भागात कागद दिला की पोच घ्यायची, ही रीत. गुरुजींकडं सरकारला दिलेल्या चाळीस वर्षांच्या निवेदनांच्या पोचा दोन फायलींत लावलेल्या आहेत, मराठीतल्या वेगळ्या, कन्नडमधल्या वेगळ्या. त्यांनी लगेच विचारलं, "पोच मिळाली का रं?"

"मिळाली. 'यशस्वी' असं हिरव्या अक्षरात आलंय. चौसष्टच्या चौसष्ट पानं सापडली."

"मग झालं की."

"न्हाय, आप्पा. सापडली म्हणजे अशी पानं हाईत एवढं कळलं. नोंद करायची का न्हाय, ते त्यांचं ते ठरवणार."

"किती दिवसांत?"

"त्याला मुदत न्हाय."

गुरुजींना हे समजायला काहीच जड गेलं नाही. त्यांनी त्या हिरव्या अक्षरांचा कागद छापून घेतला, तिसरी फाईल उघडली आणि त्यात लावला.

सात आठवडे गेले. लक्ष्मीबाईंचं दवाखान्यात जाणं आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं. दीपंकरनं ऑफिसातल्या रविराजला गाठलं. साइट गुगलवर आणायचं कामच तो करायचा. रविराज म्हणाला, "एवढ्याशा साइटला साइटमॅप लागतच न्हाय, पानं एकमेकांना जोडलेली असली तर. जोडली हाईत न्हवं?"

नव्हती. रविवारी दीपंकरनं घरी येऊन सांगितलं. यादीत नाव आहे, पण एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला वाट नाही. कुणीच जिच्याकडं बोट दाखवत नाही, तिला कोण विचारणार? बायकांना एकमेकींशी जोडावं लागेल.

"कुठल्या क्रमानं?" गुरुजींनी विचारलं.

कॉटवरून लक्ष्मीबाई म्हणाल्या, "बसत हुतो तशा बसवा की."

तोडगा इतका साधा होता की गुरुजींना थोडा रागच आला. कारखान्यात जागा ठरलेल्या होत्या आणि त्यावर कधी कुणी भांडलं नव्हतं. लक्ष्मीबाई डोळे मिटून सांगत गेल्या, दीपंकर लिहीत गेला. खिडकीकडची ओळ, मधली ओळ, दारातली. प्रत्येकीच्या पानावर उजवी शेजारीण, डावी शेजारीण. त्रेसष्ट जणी बसल्या. रुक्माबाईंच्या डाव्या हाताला मात्र जागा रिकामी राहिली.

"यादीत शालू तेवढी उरलीय. तिकडं तीच हुती का गं?" गुरुजींनी विचारलं.

"बहुतेक. फोन लावा."

शालूबाई लोंढ्याला मुलाकडं असतात. दीपंकरनं फोन लावून आवाज मोठा केला.

"व्हय, मीच बसत हुतो तितं," शालूबाई म्हणाल्या. "आनि आक्का, तुझ्याकडं रुक्मीची कात्री हाय न्हवं अजून? नीलमी इचारत हुती."

लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले. "कुठली नीलमी?"

"रुक्मीची. माझ्या नातवाच्या बारशाला आलती. नवरा गेल्यावर आली की माघारी. संकेश्वरात असती. बारा वर्सं झाली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"इचारलं कोन? गुर्जी आलते, तर बावीस प्रश्न सगळे माझेच."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ स्वच्छ होईना.

नीलम मंगळवारी सकाळच्या बसनं आली. लक्ष्मीबाईंनी उशाखालून कात्री काढून दिली. नीलमनं अंगठ्यावर पातं फिरवून बघितलं.

"धार हाय की हिला."

"दर दिवाळीला लावून ठेवतो मी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या, आणि नीलम त्यांचे पाय चेपत संध्याकाळच्या बसपर्यंत बसली.

रुक्माबाईंचं पान त्यानंतर नऊ दिवसांनी गुगलवर आलं. संकेश्वर निपाणीपासून बसनं पाऊण तासावर आहे, आणि नीलमचा फोन बटणांचा आहे.