लॅपटॉपचा इसार

मनुष्य कितीही प्रेमळ असला तरी सवयीच्या पडद्याआड त्याचे प्रेमसुद्धा कधी कधी आंधळे होते. काटेवाडीच्या मोहनरावांच्या घरी यंदाच्या जून महिन्यात जे घडले, ते ऐकून सुज्ञ नागरिकांनी आपापल्या घरात एकवार डोकावून पाहावे, एवढाच या हकिगतीचा हेतू आहे.

मोहनराव हे मोठ्या मनाचे गृहस्थ. ऊस, थोडाबहुत भाजीपाला आणि गोठ्यात तीन गाई, असा त्यांचा संसार. त्यांची कन्या श्रेया बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, तेव्हा सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना त्यांनी आदराने चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगी शिकणार हाय. चहा झाला असंल तर मी पाण्याची पाळी बघाया जातो." पाहुणे काय समजायचे ते समजले! असा बाप प्रत्येक कन्येस लाभो.

श्रेयाला इंदापूरच्या महाविद्यालयात संगणकाच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला. रोज एसटीने जायचे आणि एसटीनेच परतायचे. पहिल्याच वर्षी स्वतःचा लॅपटॉप लागेल, असे शिक्षकांनी सांगितले. मोहनरावांनी भाजीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, पन्नास हजार रुपये बाजूला काढून ठेवले आणि पारावर जाहीर केले, "आपल्या घरात पयला लॅपटॉप येतोय. तालेवार घेणार!"

आता त्या घरची रीत सांगणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टर असो, गाय असो, की विहिरीवरची मोटार असो, कोणतीही वस्तू घ्यायची म्हणजे मोहनराव दोन जाणती माणसे बरोबर घेत. वस्तू पसंत पडली की जागेवर इसार देत. एकदा इसार दिला की माघार नाही! या रीतीमुळे पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होते.

लॅपटॉपसाठी निघताना त्यांनी दोघांना हाक मारली. एक शेजारचे दत्तोबा, ज्यांना ट्रॅक्टरच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे कळत असे. दुसरा पुतण्या सुयोग, जो पदवीधर होता आणि दिवसातील बराच काळ मोबाईलवर खेळण्यात घालवीत असे. तिघे गाडीत बसले, तेव्हा श्रेया दारात आली.

"तात्या, मीबी येऊ का?"

"तू कशाला उन्हात? आमी तिघं हाय की."

"तसं न्हाय. कीबोर्डवर हात ठिवून बघावा लागतो."

दत्तोबा खळखळून हसले. "अगं, नवरा बघायला निघालोय का आमी, तुझी पसंती घ्यायला? यंत्र हाय ते! यंत्र आमाला कळतं."

श्रेया हसली आणि दारातच थांबली.

बारामतीच्या दुकानात शिवम नावाचा तरुण दुकानदार अत्यंत नम्रतेने पुढे आला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "काका, वापरणार कोण? आणि काम काय करणार?"

"वापरणार पोरगी. पण घेणार आमी," मोहनराव म्हणाले.

"मग त्यांना एकदा आणलं असतं तर..."

"पावनं, तुमी माल दावा," दत्तोबांनी त्याला मध्येच तोडले.

माल दाखविण्यात आला. दत्तोबांनी एकेक लॅपटॉप दोन्ही हातांत तोलून पाहिला. हलका हाती आला की ते नाक मुरडून खाली ठेवीत. "मोहनराव, ध्येनात ठेवा. उसाची ट्रॉली ओढायला वजनदार ट्रॅक्टरच लागतो. हलका पुढनं उचलतो!" अखेर काळाकभिन्न, जाडजूड आणि कळांखालून लाल प्रकाश फेकणारा एक लॅपटॉप त्यांच्या हाती आला. सुयोगचे डोळे दिपले.

"काका, ह्यो बेस्ट! ह्याच्यावर कसलाबी गेम अडकणार न्हाय."

"पावसाळ्यात लाईट गेली तर उजेडबी पडंल," दत्तोबा गंभीरपणे म्हणाले. किंमत ठरविण्यासाठी त्यांनी खांद्यावरचे उपरणे शिवमच्या हातावर टाकले आणि गुरांच्या बाजारातल्याप्रमाणे आत त्याची बोटे चाचपू लागले. शिवम बिचारा भांबावला. "काका, भाव स्टिकरवर लिहिलाय हो!" सारे दुकान हसले.

किंमत ठरविलेल्या रकमेहून अधिक होती. तरीही मुलीच्या शिक्षणात हात आखडता घेणे मोहनरावांच्या स्वभावात नव्हते. नवा नग पुण्याहून दोन दिवसांत येणार होता. मोहनरावांनी इसार दिला आणि पेढे घेऊन घरी आले.

सुयोगने मोबाईलवर छायाचित्र दाखविले. श्रेयाने ते पाहिले, पेढा अर्धा मोडला आणि म्हणाली, "चांगला हाय, तात्या." अर्धा पेढा मात्र ताटातच राहिला. मोहनरावांच्या ते लक्षात आले नाही. त्यांची पत्नी शकुबाई यांच्या लक्षात आले. त्यांनी ते ताट उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी इंदापूरहून मोहनरावांची थोरली बहीण रंगूबाई पेरूंची पिशवी घेऊन भाचीचे कौतुक करण्यास आली. या बाईचा स्वभाव असा की, मनात आले ते ओठावर आलेच! जेवणाची पंगत बसली होती. दत्तोबाही होते, आणि लॅपटॉपच्या लाल उजेडाचे कौतुक सांगत होते; सुयोगही होता. रंगूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारले, "श्रेये, लॅपटॉप तुझ्या मनासारखा मिळाला का गं?"

श्रेया ताटातली भाकरी कुस्करू लागली.

"अगं बोल की! तोंडात गूळ हाय का?"

श्रेयाने बापाकडे पाहिले. नंतर मान खाली घालून, परंतु स्पष्ट शब्दांत ती बोलली. "आत्या, मशीन लई भारी हाय. तात्यांनी मनापासनं घेतलंय. पण ते माझ्या कामाचं न्हाय. लासुर्णं गाव गेल्याबिगर एसटीत बसायला जागा मिळत न्हाय. तेवढं वजन आन् विटंवानी चार्जर पाठीवर घेऊन उभं कसं राहू? त्याची बॅटरी दोन-अडीच तासांत उतरती, आन् आमच्या वर्गात चार्जिंगची जागा फक्त भिंतीकडंला हाय. मी ठरवलंय, त्यो घरीच ठिवीन. तिकडं कॉलेजातल्या संगणकावर काम भागवीन, नंबर लागंल तवा."

"घरी ठिवलास तर वापरणार कोण?" रंगूबाईंनी विचारले. सर्वांची नजर एकाच ठिकाणी गेली, आणि सुयोग एकदम आमटी भुरकू लागला.

"म्हंजी शिक्षण पोरीचं आन् खेळ पोराचा! झकास!"

मोहनरावांचा चेहरा लाल झाला. "आक्का, आमी तिघं काय खुळं हाय का? दुकानात दोन तास घातले. आन् हिला एवढं कळत हुतं तर आधी बोलायचं!"

"इचारलंस कवा?" रंगूबाई म्हणाल्या.

"हिला काय इचारायचं? पोरगी लहान हाय."

"लहान हाय म्हणून संगणक शिकाया चाललीया, आन् तू मोठा हायस म्हणून लॅपटॉप उजेडासाठी घेतलास व्हय रं, मोहन्या?"

दत्तोबांनी घसा खाकरला. "आक्का, पुरुषमाणसाची पारख येगळी असती. चार वस्तू आमी घेतल्याल्या हायत."

"घेतल्याल्या हायत ना? मग ह्या गोठ्यातली ती मोठ्या शिंगांची गाय कुणी पारखली?"

"मीच!" दत्तोबा अभिमानाने म्हणाले. "शिंगं बघा, बांधा बघा. बाजारात उठून दिसत हुती."

"आन् धार कोण काढतं?"

शकुबाई वाढीत होत्या. त्यांनी आमटीचे भांडे खाली ठेवले. या घरात त्यांनी कधी आवाज चढविला नव्हता आणि त्या वेळीही चढविला नाही. त्या म्हणाल्या, "शिंगं लई सुंदर हायत तिची. पण मी शिंगं पिळत न्हाय, भावजी. आजवर तिच्या लाथा किती खाल्ल्या ते माझ्या पायाला ठावं. दावणीला बांधल्यापासनं एकदा कुणी म्हटलं का, की शकू, बाजारात चल, गाय हाताखाली घेऊन बघ?"

दत्तोबांच्या हातातील घास हातातच राहिला. मोहनरावांनी पत्नीकडे पाहिले. नंतर तिच्या पावलांकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी ती पावले कधी निरखलीच नव्हती! घोट्यावर एक काळसर वण होता. तो केव्हाचा, हे त्यांना सांगता आले नसते.

"तू कवा सांगितलं न्हाईस," ते पुटपुटले.

"इसार दिल्याव घरी येत हुता तुमी. मग काय सांगायचं?"

केवढे हे साधे वाक्य! परंतु मोहनरावांच्या अंतःकरणात ते नांगराच्या फाळाप्रमाणे खोल शिरले. आपण सर्वांसाठी उत्तमोत्तम वस्तू आणल्या, हा त्यांचा अभिमान खोटा नव्हता. मात्र ज्याच्या हाती ती वस्तू झिजायची, त्याचे मत आपण एकदाही घेतले नाही! प्रेम भरपूर दिले, परंतु विचारले कधीच नाही!

तरीही त्यांचा जीव एका ठिकाणी अडकला होता. "आक्का, तुझं पटतंय. पण इसार दिलाय. माझा शब्द गेलाय. आजपातूर मी माघार घेतली न्हाय."

रंगूबाईंचा स्वर आता मऊ झाला. "मोहन, शब्द पाळणारा हायस म्हणूनच तुला सांगती. दुकानदाराला शब्द काल दिलास. पोरीला शिकवीन असा शब्द पाहुण्यांना परत धाडलंस त्या दिवशी दिलास. आधीचा कुठला? आन् ज्यानं पोरगी शिकणार न्हाय तसला लॅपटॉप घेतलास, तर मोडला कुठला?"

मोहनराव पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उठले आणि म्हणाले, "श्रेया, उद्या सकाळी चल. शकू, तूबी चल. इसार बुडाला तर बुडाला!"

आणि खरे कौतुक पुढेच आहे!

दुसऱ्या दिवशी दुकानात "आता पसंती हिची," एवढेच सांगून मोहनराव मागे उभे राहिले आणि श्रेया पुढे झाली. शिवमने क्षणभर मोहनरावांकडे पाहिले, परंतु त्या सज्जन तरुणाने "मी म्हणत होतो" असा एक शब्दही काढला नाही. उलट तो म्हणाला, "काका, पुण्याला फोन करून थांबवतो. इसार आज घ्याल त्याच्यातच धरू." मोहनरावांनी त्याला मनोमन आशीर्वाद दिला.

श्रेयाने प्रथम स्वतःच्या दप्तरातील पुस्तके न काढता त्यातच एकेक लॅपटॉप घालून पाहिला आणि दप्तर पाठीला लावून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग तो उघडून ती थेट दरवाज्यात उन्हाच्या तिरिपेत गेली. "एसटीच्या खिडकीपाशी दिसाया पायजे," ती म्हणाली. एका लॅपटॉपचा पडदा तेथे आरशासारखा चकाकू लागला. तो तिने लगेच परत केला. नंतर तिने डोळे मिटून मराठीत आणि इंग्रजीत भराभर टंकलेखन केले. एकाच्या कळा तिला दाबताना बसक्या वाटल्या. तोही बाजूला गेला.

"ह्याची रॅम पुढं वाढवता येती का? का आत चिकटवलेली हाय?"

"या नगात वाढवता येते, ताई," शिवम म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात विशेष आदर होता.

"दुरुस्ती बारामतीत हुती, का पुण्याला पाठवावं लागतं?"

"इथंच होते."

"आन् स्पर्शाचा पडदा नको मला. त्येच्यापायी बॅटरी कमी हुती आन् किंमत वाढती."

मोहनराव थक्क झाले. "पोरी, हे तुला कुणी शिकवलं?"

"प्रवेश घेतला त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना इचारलं, तात्या. तुमाला कुठं चुकल्यासारखं वाटलं, आन् काय घेतलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच इचारलं."

ज्याने वापरले त्याला विचारावे! दोन तास दुकानात बसूनही तिघा जाणत्यांना जे सुचले नाही, ते या अठरा वर्षांच्या मुलीला सुचले होते. तिने अखेर राखाडी रंगाचा, दिसायला अगदी साधा, बेताच्या वजनाचा आणि ठरविलेल्या रकमेत बसणारा लॅपटॉप निवडला. तिने तो आईच्या हातात दिला. शकुबाईंनी तो तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "हां. ह्यो तुला झेपंल." मोहनरावांना त्या क्षणी आपल्या घरातील दोन्ही स्त्रिया जणू प्रथमच दिसल्या. त्यांच्या नेत्रांत पाणी उभे राहिले, आणि ते लपविण्यासाठी ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

सायंकाळी पारावर मंडळी जमली होती. गाव उत्सुक होते. एकाने हाक मारली, "काय मोहनराव, तालेवार लॅपटॉप आला म्हणं! कंपनी कुठली? ताकद किती? आतमंदी काय काय हाय?"

ट्रॅक्टरपासून खताच्या पोत्यापर्यंत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या जिभेवर असे, ते मोहनराव शांतपणे हसले.

"मला काय ठावं? जिचा हाय तिला इचारा. घरी हाय ती."

कट्ट्यावर बसलेले दत्तोबा उठले, त्यांनी उपरणे झटकले आणि ते घराकडे चालू लागले.

"कुठं निघाला, दत्तोबा?" कोणीतरी विचारले.

"सुनंला शिलाई मशीन घ्यायचं चाललंय," ते चालता चालताच म्हणाले. "उद्या इसार द्यायचा हुता. आधी तिलाच इचारतो, हातानं चालवायचं का पायानं."

बंधुभगिनींनो, वस्तू देणे हे प्रेम आहे. परंतु ज्याच्यासाठी ती घ्यायची, त्याला आधी विचारणे हा सन्मान आहे. सन्मानावाचून दिलेली मोठ्यात मोठी वस्तूसुद्धा घरच्यांच्या पाठीवर ओझेच होते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आणि इसारासाठी खिशात हात घालण्यापूर्वी, जो हात ती वस्तू वापरणार आहे तो आपल्याबरोबर आहे ना, एवढे प्रत्येकाने अवश्य पाहावे!