उजव्या खांद्याची रजा

नाट्यगृहाच्या तळमजल्यावर, रंगमंचाच्या मागच्या अंगाला, कपड्यांची खोली होती. तिथे तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले शिंपीमास्तरसुद्धा. राजाचा झगा असो की भिकाऱ्याचा फाटका कोट, नटाच्या अंगावर नीट बसेपर्यंत तो तिच्या हाताखालून जायचा. शिलाई मशीनचं पायाने दाबायचं पेडल मास्तरांनी टेबलावर बसवून दिलं होतं. ते ती डाव्या कोपराने दाबायची.

कॉलेजात असताना अपघातात पाठीचा कणा मोडला आणि पाय गेले ते गेलेच. तेव्हापासून चाकांची खुर्ची आणि दोन हात. खुर्ची ढकलायची ती हातांनी. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून बाथरूममधल्या स्टुलावर जायचं ते अख्खं अंग हातांवर तोलून. बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून दिवसातून कितीतरी वेळा हातांवर जोर देऊन अंग जरा उचलून धरायचं, तेही हातांनीच. यातून हातांना जी उसंत मिळायची, त्यात शिवणकाम.

आई होती तोवर घरात दोघी होत्या. आई गेल्यावर ती एकटीच राहिली. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. "आमच्याकडेच ये ना ताई," असं तो अधूनमधून फोनवर म्हणायचा आणि ती म्हणायची, "तुझ्या बायकोने काय पाप केलंय?" मग दोघं हसायची आणि विषय संपायचा.

उजवा खांदा आधी नुसता कुरकुरायला लागला. हँगर वरच्या दांडीला अडकवताना कळ यायची. मग केस विंचरताना. मग चढावर खुर्ची ढकलताना हात असा लुळा पडायचा की खुर्ची मागे घसरायची आणि ती कठड्याला धरून थांबायची, कुणाची वाट बघत असल्यासारखी. मलम लावलं, गरम पाण्याची पिशवी झाली, गोळ्या झाल्या. कुणाला काही बोलली नाही. पाय गेल्यावर लोकांनी जी तोंडं केली होती ती तिला आठवत होती. आता हातांसाठी पुन्हा तीच तोंडं बघायची तिची तयारी नव्हती.

एका सकाळी पलंगावरून खुर्चीत येताना खांद्यात टर्रकन काहीतरी फाटलं. हात जागच्या जागी सुटला आणि ती पलंग आणि खुर्ची यांच्या मधल्या फटीत खाली बसली. फोन टेबलावर होता. टेबल चार हातांवर होतं, आणि तिच्याकडे त्या घडीला एकच हात होता. तिने हाका मारल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवलं. जिन्यावरून चपला वाजत गेल्या. एकदा कुणीतरी दाराशी थांबल्यासारखं वाटलं, पण तो कचऱ्याची बादली उचलणारा होता आणि त्याच्या कानात गाणी चालू असावीत. मग तिने हाका मारणं सोडून दिलं. घसा दुखत होता, आणि उत्तर न येणाऱ्या हाका ऐकायला तिला स्वतःलाच कसंतरी होत होतं.

दुपार कलल्यावर मास्तर आले. ताई न कळवता रजा घेत नाही, म्हणून ते काम टाकून निघाले होते.

"ताई! अहो ताई! आहात ना आत?"

"आहे. जाणार कुठे?"

"मग दार उघडा की!"

"मास्तर," ती म्हणाली, "मी जमिनीवर आहे."

मास्तरांनी शेजाऱ्यांना गोळा करून कडी तोडली.

डॉक्टर तरुण होती आणि आडपडदा न ठेवता बोलायची. खांद्याच्या हाडाला धरून ठेवणारा स्नायूचा दोर तुटला होता. एका दिवसात नाही, कित्येक वर्षं धागा धागा करून झिजत आला होता. ऑपरेशन करून तो परत हाडाला शिवायचा. पुढे कित्येक आठवडे हात झोळीत बांधलेला आणि त्यानंतर काही महिने त्या हातावर भार द्यायचा नाही.

"पायांचं काम तुम्ही हातांकडून करून घेतलंत. आता खांद्याला रजा द्यायला हवी," ती म्हणाली. "घरी कोण असतं?"

"मी असते."

"तुमच्याशिवाय?"

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. "खुर्ची," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण डॉक्टर हसली नसती.

त्या संध्याकाळी तिने भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग इकडेच यायचं. विचारायचं काय त्यात?" पण ते म्हणण्याआधी तो जरासा थांबला होता. तेवढं थांबणं तिने मनात जपून ठेवलं. त्याला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने स्वतः तरी याहून कमी वेळ घेतला असता का?

ऑपरेशन नीट पार पडलं. भाऊ रजा टाकून आला, तिला गाडीत घालून घेऊन गेला. त्याची नवी इमारत लिफ्टची होती. भावजयीने स्वतःची शिवणाची, इस्त्रीची, अडगळीची खोली रिकामी करून दिली होती. बाई मनाने चांगली आणि कामाला वाघ. सकाळी दोघे मिळून ताईला उठवायचे, धुवायचे, कपडे घालायचे आणि खुर्चीत बसवायचे. डाव्या हाताशी पाण्याची बाटली, फोन, चिरलेलं फळ. मग आठच्या सुमारास दार लागायचं, आणि दुपारी मदतनीस बाई येईपर्यंत घरात फ्रिजचा आवाज तेवढा असायचा.

पहिल्याच दिवशी तिने एका हाताने खुर्ची ढकलून पाहिली. खुर्ची पुढे गेली नाही, गोल फिरली. परत ढकलली, परत गोल. खोलीभर फिरता यायचं, पण जाता कुठेच यायचं नाही. तिला आधी हसू आलं. कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि मग हसू ओसरलं, कारण सांगायला कुणी नव्हतं. भिंतीला थडकून रंग खरवडला, तेव्हा तिने तो नाद सोडला.

आणि एका सकाळी भावाची फार घाई झाली. त्याने तिला बसवलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन कानाशी धरून बोलता बोलता त्याने खुर्ची वळवली, दोन्ही चाकांचे ब्रेक लावले, "येतो गं ताई" म्हणाला आणि गेला. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

डावा ब्रेक हाताशी होता, पण तो एकटा काढून खुर्ची जागची हलली नाही. उजवा काढायचा तर अंगावरून पलीकडे वाकायला हवं, आणि कमरेला तोल नसल्याने वाकली की तोंडावर पडणार. नवा शिवलेला खांदा घेऊन पडायची तिची छाती झाली नाही. फोन होता. पण फोन करून सांगायचं काय? मला वळवायला ये, असं? ऑफिसात चारचौघांत बसलेल्या माणसाला? तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

भिंत फिकट पिवळी होती. पूर्वी तिथे कपाट असावं, कारण मधला चौकोन गडद राहिला होता. मागे खिडकी होती, हे तिच्या मानेला लागणाऱ्या उन्हावरून कळत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. एका बाईने मुलाला दरडावलं, मग दोघं हसली. ते सगळं तिच्या पाठीमागे चाललं होतं. ती डावीकडे कलायची, पुन्हा सरळ व्हायची, कातडीला हवा मिळावी म्हणून. घरी असताना तिला एकटेपणाचं काही वाटत नव्हतं. तिथे एकटं असणं तिचं होतं. हे कुणीतरी करून दिलेलं एकटेपण होतं आणि त्याला ब्रेक लावलेले होते.

त्या दिवशी मदतनीस बाई आलीच नाही. संध्याकाळी भाऊ आला तो दारातच थबकला.

"ताई, अशी भिंतीकडे तोंड करून काय बसलीयेस?"

"बसले नाही. तू ठेवलंस."

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तो पिशवी हातात तशीच धरून पलंगावर टेकला.

"सकाळपासून?"

"हो."

"फोन करायचास ना गं!"

"आणि काय सांगू? सामान उलटं ठेवलंयस म्हणून?"

"असं काय बोलतेस?"

"कसं बोलू मग?" तिचा आवाज चढला. किती वर्षांत ती त्याच्यावर चिडली नव्हती. "तुम्ही मला जेवायला घालता, न्हाऊ घालता, सगळं करता. पण मला ठेवता रे. इकडे ठेव, तिकडे ठेव. मला विचारत जा. कुठे बसतेस, एवढं विचार फक्त."

तो रडला नाही, तीही नाही. त्याने उठून ब्रेक काढले आणि खुर्चीच्या मुठी धरून उभा राहिला.

"कुठे बसतेस?"

ती थकली होती. बाहेर आता पाहण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "खिडकीत."

त्यानंतर तो रोज विचारू लागला. भावजयही विचारू लागली, जरा जास्तच. मीठ कमी आहे का, हेसुद्धा तीनतीनदा. तरी दुपारपर्यंत घर रिकामंच असायचं. तेवढं कुणाच्या हातात नव्हतं.

झोळी निघाली. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, ती हात भिंतीवर बोटांनी चढवायला लावायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. गुळगुळीत फळी मांडीखाली सरकवून अंग न उचलता पलंगावर कसं घसरत जायचं, हे तिनेच शिकवलं. हात खांद्याइतका वर यायला लागला, त्यापुढे येईना. केस विंचरता येईनात म्हणून ताईने ते कानाच्या वर कापून घेतले. तेवढ्यात डावा खांदाही कुरकुरायला लागला. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, "हाताने ढकलायची खुर्ची आता बंद. बॅटरीवाली घ्या, नाहीतर डावाही जाईल."

दोन दिवसांनी ताई "घेऊ या" म्हणाली.

भावाकडून आपल्या घरी परतल्यावर फळीवरून घसरत खुर्चीत यायला तिला अर्धी सकाळ लागायची. रस्त्याने ती एका बोटाने खुर्चीचा दांडा पुढे करून निघायची आणि हातांना बाकी काही कामच उरायचं नाही. त्यांचं काय करावं ते तिला कळत नसे. चढ आला की खांदे आपोआप ताठ व्हायचे, आणि चढ मात्र आपसूक संपून जायचा.

नाट्यगृहात पहिल्या दिवशी सगळे भेटायला आले. "ताई, केस काय छान दिसतात!" नवी खुर्ची कौतुकाने बघून झाली. मग कळलं की ती कपड्यांच्या खोलीच्या दारातून आत जात नाही. दार अरुंद. चौकटीला हात लावायची परवानगी वरून मिळेना. शेवटी मास्तरांनी तिचं टेबल बाहेर बोळात मांडलं. जड कापड कापायचं काम नव्या मुलीकडे गेलं होतं. ताईकडे हातशिलाई, बटणं, अस्तरं आली. उजव्या कोपराखाली उशी घेतली की टाका नीट पडायचा.

बोळातून नट यायचे-जायचे. "काय ताई, बरं आहे ना?" म्हणायचे आणि उत्तर अर्ध्यात असतानाच पुढे गेलेले असायचे. आत मास्तर आणि ती मुलगी काहीतरी बोलून हसायची. हसणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. काही दिवस तिने ते असंच ऐकलं. मग एका दुपारी तिने हाक मारली.

"मास्तर, ते दार उघडं ठेवा ना."

"धूळ येते हो ताई. मखमलीवर बसते."

"बसू द्या. मी झटकून देईन. मला तुमचं बोलणं ऐकायचंय."

मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांनी जुनी जड इस्त्री आणून दाराला टेकवली. आता तिला आतलं अर्धं मोठं टेबल दिसत होतं आणि त्यावर भराभर चालणारे त्या मुलीचे हात.

"काय म्हणत होतात?" ताईने विचारलं.

"कधी?"

"मघाशी. हसत होतात ते."

मास्तरांनी डोकं खाजवलं. "आता आठवत नाही बुवा. तसं विशेष काही नव्हतं."

"असू दे," ती म्हणाली, आणि कोटाचं अस्तर उशीवर ओढून घेऊन टाके घालू लागली. रंगमंचाकडून तालमीचे अस्पष्ट संवाद येत होते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने ती मुलगी आतूनच, कात्री न थांबवता, म्हणाली, "ताई, ही कॉलर ताठ राहायला आतून कॅनव्हास घालू का नको?"

"इकडे आण," ताई म्हणाली. "हाताला लागल्याशिवाय कसं सांगू?"