उसवता न येणारी नक्षी

नवरा मारत नसला, पीत नसला, घरात आवाज चढवत नसला, की बाईला तक्रार करायला जागाच उरत नाही. कुणापाशी मन मोकळं करायला जावं, तर ऐकणारीच उसासा टाकते आणि म्हणते, असला आम्हाला का नाही मिळाला. गोधडीवालीचा नवरा तसलाच होता. भला, मदतीला तत्पर, आणि दिवसभर घरात.

नोकरीत असताना तो एका बांधकामाच्या कचेरीत आराखडे काढायचा. त्याची रेघ केसाइतकीही इकडची तिकडे व्हायची नाही. हाताखालची पोरं पाठीमागे त्याला फूटपट्टी म्हणत. मग आराखडे संगणकावर निघायला लागले. फूटपट्टीला उजेडातल्या टेबलावरून उठवून जिन्याखाली बसवलं आणि तिथून घरी पाठवलं. त्याचं दुःख खरं होतं, ते कुणी नाकारू नये. फक्त ते पसरायला त्याला बायकोचंच टेबल सापडलं.

ती तुकडे जोडून गोधड्या शिवायची. वर जोडकामाचं कापड, मधे कापसाचा थर, खाली अस्तर. तिन्ही एकत्र धरून त्यांच्यावर मशीननं नक्षी मारायची. या कामाला मशीनचे दाते खाली पाडतात. दाते खाली गेले की कापड पुढे ओढणारं कुणी राहत नाही. सुई नुसती जागच्या जागी वरखाली करते. कापड कुठं न्यायचं, किती भरभर न्यायचं, ते सगळं दोन पंजांवर. हात धावला तर टाके लांब पडतात, हात घाबरला तर मुंगीएवढे. तोंडावरची भीती लपवता येते, कापडावरची नाही.

बायकोला भीती वाटूच नये, असं फूटपट्टीनं ठरवलं. धुतल्यावर जाणाऱ्या पेन्सिलीनं तो सबंध गोधडीवर नक्षी काढून द्यायचा. वेली, पानं, चौकटी, सगळं मापात. तिनं फक्त त्या रेघेवरून सुई न्यायची. तिच्यासाठी त्यानं टेबलाला डावीकडे फळी जोडली, म्हणजे गोधडीचं वजन हातावर येऊ नये. समोर भिंत, डावीकडे फळी, उजवीकडे कपाट, आणि पाठीमागे स्टूल टाकून तो स्वतः. तिला पाणी प्यायला उठायचं झालं तरी म्हणावं लागायचं, "जरा सरकता का?" तो लगेच सरकायचा. कधी कुरकुर केली नाही त्यानं. हेच तर मेलं अवघड होतं.

"हलकं. हलकं घे," तो मागून म्हणायचा. वळण आलं की पुढे वाकून तिच्या पंजांवर आपले पंजे ठेवायचा. "अस्सं. आता सोड."

गिऱ्हाइकं गोधडी उलगडून म्हणत, "काकांचं डिझाइन काय सुंदर आहे." नणंद तर बोलायलाच नको. "वहिनी, तुला नुसतं शिवायचंय. डोकं सगळं भाऊचं." आणि वहिनी बॉबिनमध्ये खालचा दोरा भरायला घ्यायची.

तिच्या मालकीची एकच जागा होती. नवी गोधडी मशीनवर घ्यायच्या आधी दोऱ्याचा ताण बघावा लागतो. त्यासाठी चिंध्यांचा एक छोटा गादीसारखा चौकोन करून त्यावर चार टाके मारून बघतात. त्यावर फूटपट्टी पेन्सिल चालवत नसे. टाकाऊच तर होतं. ताण पहिल्या वितीतच कळायचा, पण ती उरलेला चौकोन भरून काढायची. रेघ कुठं जाणार हे तिलाही ठाऊक नसायचं. लांबच लांब वळणं, उतारावरून पाणी वाहत यावं तशी, एकमेकींच्या जवळ येऊन न चिकटणारी.

हे चौकोन ती टोपलीत टाकायची. एक दिवस दवाखान्यातली नर्स फाटलेली उशी शिवायला घेऊन आली आणि तिनं टोपलीत हात घातला.

"काकू, हे कुणाचं?"

"कशाचं? ती चिंधी आहे."

"मला माझ्या गोधडीवर हीच चिंधी पाहिजे. हीच रेघ. पेन्सिलीची नको." नर्स बदली होऊन चालली होती, नव्या गावी एकटीच राहणार होती. "तिथं रात्रपाळीवरून येऊन दिवसा झोपायचं, काकू. अंगावर काहीतरी धड असावं."

फूटपट्टी स्टुलावरून हसला. "अहो सिस्टर, ती हिची हात साफ करायची चिंधी. तुम्हाला मी छान वेल काढून देतो."

"वेल नको, काका," नर्स म्हणाली.

गोधडीवालीनं तो चौकोन नर्सच्या हातून घेऊन मांडीवर सपाट केला. आजवर कुणी तिचं म्हणून काही मागितलं नव्हतं. हे जमलं नाही, तर पुन्हा कुणी मागणार नाही, आणि मुख्य म्हणजे आपणही स्वतःकडे मागणार नाही, हे तिला पक्कं कळलं.

"यावर काढू नका काही," ती नवऱ्याला म्हणाली. नर्सच्या गोधडीचा मधला सबंध पट्टा तिनं साध्या एकरंगी कापडाचा ठेवला होता, नक्षी उठून दिसावी म्हणून.

"बरं. तुझी मर्जी," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून मागे बसला.

पहिली वीतभर शिलाई बघवत नव्हती. कोरं कापड बघून हात आखडले. वळणाच्या जागी कोपरे पडले. एका ठिकाणी टाके इतके बारीक झाले की दोरा गुंतून खाली गोळा झाला. मागून आवाज आला, "हं." एवढंच. माणसानं शिवी द्यावी, पण असलं "हं" करू नये.

मग दूध संपलं आणि तो पिशवी घेऊन बाहेर पडला. दार लागलं तसे तिचे खांदे खाली आले. सुईकडे बघणं तिनं सोडलं. सुईच्या पुढे, जिथं जायचंय तिथं नजर टाकली. मशीनची घरघर आणि हातांचा वेग कुठंतरी जुळला आणि रेघ निघाली. चुकलं तिथं थांबली नाही, चुकीलाच वळण देऊन पुढे गेली. तो परत आला तेव्हा पट्ट्याचा अर्ध्याहून जास्त भाग भरला होता. त्यानं चष्मा लावून बघितलं.

"सुरुवात वाकडी आहे."

"असू दे. पुढे बघा ना."

"पुढची सरळ आली, म्हणून तर मागची जास्त वाकडी दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची दाढ काढायची होती. ती परत आली तेव्हा अर्धं तोंड बधिर, ओठ कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, तोंडात कापसाचा बोळा. बैठकीत नवरा आणि नणंद, दोघं मिळून गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. फूटपट्टीच्या हातात रिपर होता, टाके उसवायचा. नणंद बोटांनी दोऱ्याचे तुकडे वेचत होती.

"आलीस? बघ," नणंद म्हणाली, "तू गेल्यापासून भाऊनं मान वर केलेली नाही. सगळं उसवलं. एक टाका ठेवला नाही."

पट्टा कोरा झाला होता. कोरा म्हणजे भोकाभोकांचा. तिची वळणं गेली होती, त्यांच्या जागी सुईच्या छिद्रांच्या ओळी होत्या, आणि त्यांच्यावरून पेन्सिलीनं नवी वळणं काढलेली. पाण्यासारखीच, पण मापात. प्रत्येक वळण आधीच्या वळणाएवढं.

"तुझंच आहे गं," फूटपट्टी म्हणाला. "फक्त नीट केलंय. भोकं धुतल्यावर बुजतील."

तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं तर लाळ ओघळली आणि नुसता "अँ" असा आवाज आला.

"बोलू नकोस. डॉक्टरनं सांगितलं असेल ना, बोलायचं नाही म्हणून." त्यानं रुमाल पुढे केला. खरोखर काळजीनं केला. तिचं तोंड पुसलंसुद्धा त्यानंच.

असा राग कुठं ठेवायचा असतो, हे बाईला कुणी शिकवत नाही. तिनं तो मशीनवर नेला. भिंतीकडे तोंड करून बसली आणि विचार करायला लागली. मोकळी वळणं पुन्हा मारली तर तो पुन्हा उसवणार. त्याची पद्धत तिला पाठ होती. अस्तराच्या बाजूनं मधूनमधून एकेक टाका कापायचा, मग वरचा दोरा धरून ओढायचा, की सरसर निघून येतो. पानं उसवता येतात. चक्राकार रेघ तर आणखी सोपी. तिला येत होत्या त्या सगळ्या नक्ष्या तिनं मनात एकेक करून उसवून पाहिल्या. सगळ्या निघाल्या. एक निघेना.

दाणे. ज्वारीएवढे बारीक गोल, एकाला एक खेटून. एक गोल पुरा करायचा, त्याच्यावरूनच पुन्हा फिरून पुढच्या गोलाला जायचं. म्हणजे प्रत्येक दाण्यावर टाक्यावर टाका बसतो. त्यातला कुठला कापायचा हे शिवणारालाही कळत नाही. कापडाच्याच रंगाचा दोरा घेतला, तर रिपरच्या टोकाला दोरा आणि कापड वेगळं लागतच नाही.

ही नक्षी तिला कधीच आवडली नव्हती. हात मोडून येतो आणि गोधडी फळीसारखी होते. पण आता नक्षी निवडायची ती आवडीनं नाही, एवढं तिला समजलं होतं.

"रेघेवरून घे," मागून तो म्हणाला. ती रेघेच्या पोटातून गेली. "अगं, काय करतेस? रेघ इकडे आहे." तोंड बधिर होतं, उत्तर द्यायची पंचाईत नव्हती. त्यानं पुढे वाकून तिच्या पंजांवर पंजे ठेवले. तिनं पायाखालचं पेडल सोडलं नाही. सुई त्याच्या करंगळीपासून नखभर अंतरावर धडधडत राहिली. त्यानं हात काढून घेतले.

दाढेची सूज उतरली. दाणे वाढत गेले. काही वाटाण्याएवढे झाले, काही मोहरीएवढे, आणि काही तर गोलही नव्हते. तिला त्याचं काही वाटेनासं झालं. एका सकाळी ती आंघोळ करून आली, तर फूटपट्टी खिडकीशी गोधडी घेऊन उभा. रिपर लावून पाहिला होता त्यानं. दोरा सुटला नव्हता, कापड फाटलं होतं, नखाएवढं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"निघत नाही," तो म्हणाला.

"नाही निघणार."

"आता हे फाटलं त्याचं काय?"

तिनं गोधडी त्याच्या हातातून घेतली, फाटक्या जागेखाली कापडाचा तुकडा सरकवला आणि त्यावरून आणखी बारीक दाणे भरले. बोट फिरवलं तर तिथं एक गाठ लागायची, बाकी काही नाही.

नर्स आली. गोधडी हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. लपवायला शिकलेली बाई, पण पडला.

"काकू, ते पाण्यासारखं होतं ना?"

"ते उसवलं."

"का?"

गोधडीवालीनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं घसा साफ केला. "सुरुवातीला चुकत होतं तिचं. मीच म्हटलं, तुमच्याकडे वाकडं जायला नको."

"काका, मी वाकडंच मागितलं होतं."

"तुम्ही सुया टोचता, सिस्टर. टाक्यातलं तुम्हाला कसं कळणार?" तो हसला, नेहमीसारखा, मायेनं.

नर्स हसली नाही. पट्ट्यावरून तळवा फिरवत राहिली. "कडक झालीय. धुतल्यावर मऊ होईल?"

"थोडी. पट्टा नाही होणार," गोधडीवाली म्हणाली. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "नको असली तर ठेवून जा. वाईट नाही वाटणार."

"वाटेल तुम्हाला," नर्स म्हणाली, आणि गोधडीची घडी घालायला लागली. पट्टा वाकेना. गुडघा देऊन दाबला तिनं. "पाठदुखीवाल्यांना आम्ही सांगतोच, गादी कडक पाहिजे म्हणून. आता पांघरूणही कडक घ्या म्हणावं." दारात थांबून ती हळूच म्हणाली, "सगळी तुमचीच आहे ना पण?"

"सगळी."

नर्स गेली. त्या संध्याकाळी फूटपट्टीनं स्टूल तिच्या मागे ओढलं नाही, आणि तिला वाटलं, समजलं असेल. बायकांना असं वाटतं, आणि तिथंच त्या फसतात.

सकाळी ती चहाचा कप घेऊन बैठकीत आली, तर पुढची गोधडी टेबलावर पसरलेली. त्यानं पहाटेपासून कंपास चालवला होता. पट्ट्यावर दाणेच दाणे. एकसारखे, ओळीत, कुठं वाटाणा नाही, कुठं मोहरी नाही.

"तुझेच दाणे," तो म्हणाला. डोळे लाल झाले होते त्याचे, आणि त्यांत खरोखरचा आनंद होता. "मला तेव्हा लक्षात नाही आलं गं. चांगली कल्पना आहे. फक्त माप नव्हतं." आणि स्टूल मागे ओढून बसला.

तिनं चहा संपवला. बॉबिनमध्ये वरच्या कापडाच्या रंगाचा दोरा भरला. तो सरकला तशी आत शिरली, खुर्चीत बसली, आणि गोधडी उचलून पालथी घातली. पेन्सिलीचे दाणे खाली गेले. वर अस्तर आलं, साधं, विटकरी, त्यावर एक रेघ नव्हती.

"अगं, उलटी धरलीस."

"हो."

"मग रेघ कशी दिसणार तुला?"

तिनं सुई खाली उतरवली. मागून त्याचा हात आला आणि त्यानं गोधडीची कड धरून ओढली, सरळ करायला. कापड सुईशी अडलं.

"ओढू नका," ती म्हणाली. "सुई आत आहे, मोडेल."

त्यानं हात तसाच कडेवर ठेवला. तिनं पेडल दाबलं आणि पहिलं वळण लांब घेतलं. त्याचा हात धरलेल्या कडेसकट तिच्या मागोमाग फरफटत गेला.